जुना ट्रॅक्टर मोडीत काढण्याआधी



कापसाची वेचणी आणि बरडावरच्या गवताची कापणी यांचा मुहूर्त एकच असतो. दसरा-दिवाळीच्या दरम्यान घरातली आणि गावातली सगळी माणसे पऱ्हाटीच्या ओळीत. बोंडे फुटलेली, वरून आभाळ भरून आले की कापूस भिजण्याची भीती. नेमके त्याच आठवड्यांत धुऱ्यावरचे, पडीक पट्ट्यातले गवत कापणीला आलेले असते. ते कापायला कसेबसे दोन गडी मिळतात. कापलेले गोळा करायला कोणी मिळत नाही. गवत तसेच पडून राहते, एक अवकाळी सडाका येतो, दोन दिवसांत गवत काळे पडते. कुबट वास सुटतो आणि गाय हुंगून बाजूला होते.

मग मार्च-एप्रिल उजाडला की तोच शेतकरी कडबा विकत घ्यायला निघतो. घरच्या ज्वारीचा कडबा कधीच सरलेला असतो, कारण ज्वारीचा पेरा घटत गेला आणि तिच्या जागी कापूस आणि सोयाबीन आले. कडबा शेकड्याने मोजून घ्यायचा, वर गाडीभाडे द्यायचे, नाहीतर बैलजोडीला बाजाराचा रस्ता दाखवायचा. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांत चारा छावण्यांत जनावरे बांधून माणसेही तिथेच दिवस काढत होती. चांगल्या वर्षी रानात सडू दिलेले गवत अशा वर्षी आठवते.

आता गोठ्याच्या मागे जरा नजर टाका. बऱ्याच वाड्या-वस्त्यांवर तिथे एक जुना ट्रॅक्टर उभा दिसेल. टायरला भेगा, सीटवर गोणपाट, बॉनेटवर कोंबड्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, पंचवीस-तीस हॉर्सपॉवरचा. नांगरटीला दम धरत नाही म्हणून मागे पडलेला. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला आहे आणि घरातल्या पोराचा आग्रह आहे की तो देऊन टाका, वर थोडे कर्ज काढा आणि नवा आणा.

या अंकात आम्हाला एवढेच सांगायचे आहे की तो ट्रॅक्टर देण्याआधी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा. नांगरटीला तो म्हातारा झाला असेल. गवत ओढायला, कुटार गोळा करायला, हलकी ट्रॉली न्यायला तो अजून तरणा आहे.

काम कोणते, ताकद किती

ट्रॅक्टरची खरी झीज होते ती जड कामात. नांगर, रोटाव्हेटर, भरलेली ट्रॉली चढावर ओढणे. गवत गोळा करणारे दंताळे हे सर्वांत हलक्या अवजारांपैकी एक. त्यातले चाकी दंताळे तर आपल्यासारख्यांच्याच सोयीचे. तिरप्या दांड्यावर चार-पाच मोठी चाके आणि प्रत्येक चाकाच्या कडेला तारेची बोटे, एवढाच त्याचा कारभार. ट्रॅक्टर पुढे निघाला की जमिनीला टेकलेली चाके आपोआप फिरतात आणि पसरलेले गवत एका बाजूला लोटून त्याची ओळ लावतात. त्याला पीटीओ लागत नाही. मागे ओढायचे दंताळे घेतले तर हायड्रॉलिकही लागत नाही. ज्याचा पीटीओ घसरतो, ज्याची लिफ्ट उचलत नाही, असा ट्रॅक्टरही हे काम करतो. पंधरा-वीस हॉर्सपॉवर पुरे होते.

काम किती उरकते तेही पाहा. अडीच मीटरचा पट्टा आणि ताशी सहा किलोमीटरचा वेग धरला तर तासाला पंधरा हजार चौरस मीटर होतात. वळणे, दगड, झाडे यांच्यासाठी पाव भाग सोडून द्या. तरी तासाला पावणेतीन एकर हातावेगळे होते. हलक्या कामात असा ट्रॅक्टर तासाला अडीच-तीन लिटर डिझेल पितो. म्हणजे एकराला लिटरभर. हेच काम लाकडी दंताळे घेऊन मायबहिणी करतात तेव्हा हाताला कुसळे टोचतात, कंबर मोडते, दिवस जातो आणि तेवढ्या वेळात कापूस झाडावर लोंबत राहतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ज्वारीच्या कडब्याला दंताळे लागत नाही. त्याच्या पेंढ्या हातानेच बांधाव्या लागतात. दंताळ्याचे काम आहे ते गवताला आणि हार्वेस्टर फिरून गेल्यावर शेतात पसरून राहिलेल्या सोयाबीनच्या, गव्हाच्या काडाला. पूर्वी मळणी खळ्यावर होई, कुटार आपोआप घरी येई. आता हार्वेस्टर ते शेतभर उधळून जातो आणि गोळा करायला माणूस नाही म्हणून आपण काडी लावून मोकळे होतो. आपल्याच गाईच्या तोंडचा घास तिथे जळतो. पऱ्हाटी मात्र या दंताळ्याने ओढू नका. बोटे वाकतात आणि तुटतात.

गवत राखायचे तर वेळ राखा

कुसळी गवत कुसळ धरण्याआधी कापा. कुसळ पक्के झाले की गवताचा कस गेलेला असतो आणि जनावरांच्या तोंडाला इजा होते. साधारण निम्मे गवत फुलोऱ्यात आले की कापणीची वेळ झाली. दव उडाल्यावर कापा, उन्हात पसरू द्या आणि ते पुरते कडक होण्याआधी ओळीत ओढा. भुईमुगाच्या वेलासारखा पाल्याचा चारा भर दुपारी ओढू नका. पाला झडून मातीत जातो आणि हातात नुसती काडी उरते. तो सकाळी, दवाची ओल असताना ओढावा.

दंताळ्याची बोटे गवताला लागावीत, माती उकरू नयेत. माती आणि खडे चाऱ्यात गेले तर जनावराचे दात झिजतात, पोट बिघडते. त्याहून मोठा धोका तुटलेल्या बोटाचा. तारेचा तो तुकडा चाऱ्यात गेला आणि गाईच्या पोटात उतरला की पोटाची भिंत भेदून काळजापर्यंत जातो. कडबा कटरमध्ये सापडला तर पाते फुटून माणसाच्या अंगावर येते. म्हणून प्रत्येक शेत संपल्यावर खाली उतरा आणि बोटे मोजा. एक कमी भरले तर ते सापडेपर्यंत ती ओळ उचलू नका.

गंजी लावण्याआधी मूठभर गवत पिळून पाहा. काडी चरचरून मोडली पाहिजे. वाकली आणि ओलसर लागली तर अजून एक ऊन द्या. ओली गंजी आतून तापते. बुरशी येते, कधी पेटही घेते. लावल्यावर पहिले दोन आठवडे गंजीत हात घालून पाहत जा. आत गरम लागले तर लगेच उकला. आणि गंजी विजेच्या तारांखाली लावू नका, मग जागा कितीही सोयीची असो.

सकाळची दहा मिनिटे

जुना ट्रॅक्टर मरतो तो बहुधा म्हातारपणाने नाही. तो धुळीने मरतो, पाण्याने मरतो आणि आपल्या आळसाने मरतो. रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी दहा मिनिटे द्या.

पहिली हवा. गवताच्या आणि कुटाराच्या कामात धूळ-भुसा इतका उडतो की एअर क्लीनर दिवसभरात भरून जातो. जुन्या ट्रॅक्टरला खाली तेलाची वाटी असते. ती रोज उघडून पाहा. तेल चिखलासारखे झाले असेल तर ओतून टाका, वाटी धुवा आणि खुणेपर्यंत नवे तेल घाला. खुणेच्या वर घालू नका. जादा तेल इंजिन ओढून घेते आणि मग ते आवरत नाही. एअर क्लीनर ते इंजिन या रबरी नळीला चीर असेल तर बाकीची सगळी निगा पाण्यात गेली. त्या चिरेतून गेलेली धूळ लायनर आणि रिंगा खाते. हाफ इंजिनाच्या खर्चापुढे नळीची किंमत काहीच नाही.

दुसरे पाणी. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला की इंजिन तापते. जाळी मऊ ब्रशने किंवा हवेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, साफ करा. टोकदार वस्तू घालू नका. काम चालू असताना दर दोन तासांनी एकदा पाहा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा, सुमारे अर्धा इंच दबला तर ठीक.

तिसरे तेल. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून पट्टी पाहा. इंजिनचे तेल जुन्या ट्रॅक्टरला साधारण अडीचशे तासांनी, फिल्टरसकट बदला. आपला ट्रॅक्टर वर्षाला तेवढा चालतच नसेल तरी वर्षातून एकदा, हंगामाच्या तोंडावर, बदला. तेल काळे दिसले म्हणजे वाईट असे नाही. दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. तेव्हा इंजिन चालू न करता मिस्त्रीला बोलवा.

चौथे डिझेल. प्लास्टिकच्या कॅनमधून, उघड्या फनेलने डिझेल ओततो त्यातच पाणी आणि कचरा जातो. फडके लावून गाळा. फिल्टरच्या बुडाची चकती सैल करून साचलेले पाणी सोडा. टाकी संध्याकाळी भरून ठेवा म्हणजे रात्रीच्या गारव्याने आत पाणी धरत नाही. पंपात हवा धरली तर हवा काढायला स्वतः शिका, त्यासाठी तालुक्याहून मिस्त्री आणायला नको.

पाचवे वंगण. पुढच्या एक्सलचे आणि स्टिअरिंगचे निपल ग्रीसने भरा. दंताळ्याच्या चाकांचे बेअरिंगही विसरू नका. क्लचच्या पायाला इंचभर मोकळी चाल हवी. ती संपली की क्लच प्लेट घसरून जळते. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती सोडा.

आणि धूर वाचायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, नोझल बिघडले आहे किंवा ओझे जास्त झाले. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. पांढरा धूर थंड इंजिनाचा असेल तर थोड्या वेळाने जातो. तापल्यावरही राहिला तर पाण्याचा संशय घ्या. ट्रॅक्टर बोलतो, ऐकणारा पाहिजे.

माणूस आधी

जुन्या ट्रॅक्टरवर आपण काटकसर करतो ती नेमकी नको तिथे. बॅटरी गेली की नवी घेत नाही, ट्रॅक्टर उताराला लावतो. चाकाखाली एक दगड. तिथेच पोरे खेळतात. ब्रेक लागत नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते आणि तरी काम चालू असते. तो दगड ज्या दिवशी सरकेल त्या दिवशी वाचवलेल्या बॅटरीच्या पैशांचा हिशेब कोण मांडणार?

सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी द्यायची पद्धत गावोगाव आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होतो तो थेट समोरच्या माणसाच्या अंगावर. हे करू नका आणि पोराला करू देऊ नका. दंताळे किंवा ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडा. वर टॉपलिंकच्या जागी साखळी अडकवून ओढले तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. मडगार्डवर कोणालाही बसवू नका, बायको-पोरांना तर नाहीच. पीटीओवर काही चालवत असाल तर त्याचे झाकण शाबूत ठेवा. मिनिटाला ५४० फेरे घेणारा दांडा धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर ओढतो तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोडून चाला. बिनकठड्याच्या विहिरीपासून आणि खचलेल्या धुऱ्यापासून लांब वळा. सायलेन्सरजवळ, बॅटरीखाली साचलेला भुसा दर थोड्या वेळाने झाडा आणि गवताच्या शेतात पाण्याचा ड्रम सोबत ठेवा.

ब्रेक, बॅटरी, टायर आणि झाकणे एवढ्या चार गोष्टींवर काटकसर नाही, असा घरात ठराव करा.

हिशेब आपला आपण

आता नव्या ट्रॅक्टरची गोष्ट. ट्रॅक्टर परवडायला वर्षाला सुमारे हजार तास काम हवे असे अभियंते हिशेबात धरतात. दहा एकर कोरडवाहूवाल्याचे घरचे काम फार तर शे-दीडशे तास. उरलेले तास भाड्याने चालवू म्हणावे तर गावात प्रत्येकाने तोच विचार करून ट्रॅक्टर घेतलेला. नवा ट्रॅक्टर दारात आला की प्रतिष्ठा वाढते, हप्ता आला की झोप उडते. कापसाला भाव पडला म्हणून हप्ता थांबत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५. चांगले झाले. पण करातली सूट बघून कर्ज काढणे म्हणजे स्वस्त लगाम मिळाला म्हणून घोडा घेणे. या सवलतीचा पहिला फायदा घ्यायचा तो जुन्याला टायर आणि सुटे भाग घालण्यासाठी. आणि सरकारने एका हाताने दिले तेव्हा दुसरा हात कुठे आहे हेही पाहावे. डिझेल जीएसटीच्या बाहेरच आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात त्यावर रस्ते व पायाभूत सुविधांच्या नावाने लिटरमागे ८ रुपये उपकर बसवला गेला. शेताच्या तासात फिरणारा ट्रॅक्टर कुठल्या महामार्गावर धावतो, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

हिशेब असा मांडा. जुन्या ट्रॅक्टरचा वर्षाचा डिझेल, तेल, दुरुस्ती आणि टायरचा खर्च एका वहीत लिहा. त्यात चालवणाऱ्याची मजुरी धरा. उत्पादन खर्चात आमची मजुरी धरा म्हणून सरकारशी भांडणारे आपण घरच्या वहीत ती सोडून देतो, तसे करू नका. बेरजेला कामाच्या तासांनी भागा. आलेला आकडा गावातल्या भाड्याशी ताडून पाहा. नांगरटीसाठी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आणि हलक्या कामासाठी घरचा जुना, असेच उत्तर बहुतेकांच्या वहीत येईल.

सगळ्यांच्या येणार नाही. जुने ते सोने ही म्हण ट्रॅक्टरला जशीच्या तशी लावू नये. सलग दोन वर्षे दुरुस्तीचा खर्च भाड्यापेक्षा वर गेला, ब्रेक बसवूनही धरत नाहीत किंवा सुटे भाग मिळणेच बंद झाले तर भावना बाजूला ठेवा आणि तो विका. पिंजोरच्या एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. ज्यांच्याकडे तो ट्रॅक्टर आहे त्यांनी भाग मिळण्याची खात्री करूनच त्यात पैसे घालावेत. आणि जे जुना विकत घेणार आहेत त्यांनी आधी कागद पाहावेत. नोंदणीची मुदत शिल्लक आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा आहे का. दुसऱ्याचे कर्ज रंग मारून आपल्या दारात उभे राहायला नको.

दंताळे मात्र एकट्याने घेऊ नका. वर्षातून दहा-पंधरा दिवसांचे ते अवजार. पाच-सहा घरांनी मिळून घ्यावे. कोणाच्या शेतात कधी याची चिठ्ठी कापणीआधी काढावी. ज्याचे गवत आधी पिकले त्याचा नंबर आधी. मोडले तर ज्याच्या शेतात मोडले त्याने दुरुस्त करून द्यावे. एवढे तीन नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे भाऊबंदकीला जागा राहणार नाही.

या जिल्हा बैठकीहून घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या गावात किती जुने ट्रॅक्टर उभे आहेत, त्यातले किती थोड्या खर्चात चालू होतील आणि किती एकर गवत-कुटार दरवर्षी वाया जाते, याची यादी करा. पुढच्या बैठकीला ती घेऊन या. हवा-पाणी-तेलाची कामे जाणणारा एखादा मिस्त्री आपल्यातच असतो. त्याला एक दिवस सगळ्यांसमोर बोलू द्या, हातात पाना घेऊन शिकवू द्या.

पाऊस आपल्या हातात नाही, कापसाचा भाव अजून आपल्या हातात आलेला नाही. रानात उगवलेले गवत आणि दारात उभा असलेला ट्रॅक्टर मात्र आपला आहे. कोंबड्या बॉनेटवरून उठवा आणि एअर क्लीनरची वाटी उघडून पाहा.